हौदातले मासे, पेटीतले मासे

मस्जिद स्टेशनावर आम्ही उतरलो तेव्हा नातवाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत अर्धं पाणी, अर्धी हवा आणि तळाशी चिकटून बसलेला एक काळा मासा. मुंब्र्याहून निघाल्यापासून त्याने ती पिशवी छातीशी धरली होती. गर्दी वाढली तशी त्याने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि वरून स्वतःचे हात धरले. समोरच्या गृहस्थांनी हसत विचारलं, "कालवण करायचं का रे याचं?" नातू हसला नाही. म्हणाला, "नाही. परत द्यायचाय."

तो नऊ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या वाढदिवसाला जावयांनी काचेची पेटी आणली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्याच संध्याकाळी जवळच्या एका दुकानातून मासेही आले. दुकानदाराने विचारलं, कोणते देऊ? पोराने बोट दाखवलं ते ते दिलं. दोन गोल्डफिश, चार गप्पी, दोन एंजल, तीन पट्टेरी टायगर बार्ब, एक निळा फायटर आणि काच साफ करायला म्हणून एक सकर. मी तेव्हा चिपळूणला होतो. लेकीने फोनवर पेटी दाखवली. निळा दिवा, खाली रंगीत खडे, त्यात सगळे रंग फिरताहेत. मीही म्हणालो, माशाअल्लाह.

बाराव्या दिवशी एकटा सकर उरला.

आधी गप्पींच्या शेपट्या फाटल्या. मग एंजलच्या छातीखालच्या लांब दोऱ्या कुणीतरी कुरतडल्या. फायटर कोपऱ्यात जाऊन बसला. नंतर सगळेच वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. जावयांनी चांगल्या हेतूने सगळं पाणी काढलं, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला आणि पेटी ताज्या पाण्याने भरली. दुसऱ्या दिवशी फजरला पोरगा उठून बघतो तर चार मासे पाण्यावर आडवे. दुकानातून निळं औषध आणलं, त्यानेही काही झालं नाही.

"चाळीस-पन्नास रुपयांचे मासे, त्यात एवढं काय," असं घरात कुणीतरी बोलून गेलं. पण पोरगा जेवेना. मी मुंब्र्याला आलो त्या रात्री तो माझ्या शेजारी झोपला आणि अंधारात विचारलं, "नाना, ती मांजरीला बांधून ठेवणारी बाई होती ना, तिला अजाब झाला. मग मलाही होईल का?"

ती हदीस आपल्या घरांतली सगळीच मुलं मकतबात ऐकतात. मीही ऐकली होती. पण कुणा मुलाने ती स्वतःवर घेतलेली पहिल्यांदा पाहिली. मी म्हणालो, त्या बाईने मांजरीला खायला दिलं नव्हतं, बाळा. तो म्हणाला, "मी तर रोज चार वेळा द्यायचो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचं बालपण वळगणीचे मासे पकडण्यात गेलं. पहिल्या पावसात ते ओहोळातून शेतात चढायचे आणि आम्ही टोपल्या घेऊन बांधावर उभे. मासे पाळायचे असतात हे ठाऊकच नव्हतं. हिवतापाच्या दिवसांत भिंतीवर 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' रंगवलेलं वाचायचो, तेवढीच आमची मासे पाळण्याशी ओळख. म्हणून ठरवलं की शनिवारी शाळेला सुट्टी आहे, तर क्रॉफर्ड मार्केटला जाऊ. तिथे जुने जाणकार बसतात. आणि उरलेला सकर परत करू, कारण त्याच्याकडे बघितलं की पोराला रडू यायचं.

मस्जिद स्टेशनाच्या नावाबद्दल जाता जाता एक सांगतो. आपल्याला वाटतं हे नाव आपल्या मशिदीवरून पडलं. जाणकार सांगतात की ते इथल्या यहुदी प्रार्थनागृहावरून आलं. १७९६ साली बेने इस्राएल समाजाने ते बांधलं. आपल्यासारखीच कोकणातून आलेली, घरात मराठी बोलणारी ती माणसं. नातवाला हे सांगितलं, पण त्याचं लक्ष पिशवीत होतं.

जोहरची वेळ होत आली होती. हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, अत्तरांच्या बाटल्या चुकवत आम्ही जामा मशिदीत पोहोचलो. मुंबईची ही मशीद १८०२ साली बांधून पूर्ण झाली. तिच्या उभारणीत आणि कारभारात आपल्या कोकणी मुसलमानांचा मोठा वाटा आहे. पूर्वी इथे बागा होत्या आणि मधोमध एक तलाव. जुन्या गॅझेटियरात लिहिलं आहे की जमिनीच्या हिंदू मालकाने जागा विकताना एकच अट घातली, तलाव बुजवायचा नाही. घेणाऱ्याने ती अट पाळली. तलाव राहिला आणि मशीद त्याच्यावर उभी राहिली. काळ्या दगडाच्या कमानी थेट पाण्यातून वर येतात आणि साऱ्या इमारतीचा भार पेलतात. तळाशी झरे आहेत.

बाहेरच्या उन्हातून आत आलं की आधी गारवा जाणवतो, मग हिरवं पाणी दिसतं, आणि डोळे सरावले की त्यात हलणारे मासे. नातू पहिल्या पायरीवर बसला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"नाना, हे मरत नाहीत?"

मी वजू करत होतो. म्हणालो, "मरत असतील, आपल्याला कळत नाही. पण बघ, पाणी किती आहे आणि मासे किती."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पिशवीची गाठ सोडू लागला. "याला इथेच सोडूया. इथे जागा आहे."

खरं सांगतो, क्षणभर मलाही ते पटलं होतं. दोनशे वर्षांचं पाणी, वर अल्लाहचं घर, याहून चांगली जागा कुठली? पण हौद आपला नाही, तो वक्फ आहे. शिवाय आपल्या पेटीतला आजार इथल्या माशांना लागला तर? मी त्याचा हात धरला. "आधी विचारू. जाणकार माणसाला विचारल्याशिवाय मासा कुठेच सोडायचा नाही." त्याने गाठ पुन्हा मारली, पण नाराजीने.

नमाज आटोपून आम्ही मंडईकडे निघालो. क्रॉफर्ड मार्केट आता कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. १८६९ सालची ही इमारत, नाव पहिल्या म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डचं. दारावरच्या कोरीव शिल्पपट्ट्या लॉकवुड किपलिंगच्या, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांच्या. हापूसच्या दिवसांत इथे आलं की आम्हा कोकणातल्या माणसांना घरी आल्यासारखं वाटतं. मासे, पक्षी विकणारी दुकानं मागच्या अंगाला. तिकडे वळलं की फळांचा वास संपतो आणि ओलसर, शेवाळी वास सुरू होतो. काचेच्या पेट्या एकावर एक, पंपांची बुडबुड आणि छताला टांगलेल्या पिशव्यांतून चमकणारे मासे.

दोन दुकानांत आम्हाला "काय पाहिजे, किती पाहिजे" एवढंच विचारलं गेलं. तिसऱ्यात एक वयस्कर चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते. नातवाने पिशवी पुढे केली. चाचांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, "बाकीचे कधी गेले?"

पोरगा चपापला. बाकीचे होते हे यांना कसं कळलं? "सकर शेवटपर्यंत तग धरतो," चाचा म्हणाले. "एकटा सकर परत आला की मी समजतो." त्यांनी त्याला वेगळ्या पेटीत घेतलं आणि दोन्ही हात फाकवून दाखवलं. "हा एवढा होतो. फुटाच्या वर. बोटाएवढा असतो तेव्हा सगळे नेतात, मोठा झाला की तलावात नाहीतर नदीत सोडून देतात. हा दक्षिण अमेरिकेचा. आपल्या नद्यांत आता त्याची पैदास झालीय, तिथल्या माशांच्या जिवावर." नातवाने माझ्याकडे पाहिलं. मी हौदाचं काही बोललो नाही.

मग चाचांनी पेटीत काय काय होतं ते एकेक करून विचारलं. मुलगा सांगत गेला आणि ते बोटं मोडत गेले. ती झडती इथे देतो, कारण आपल्या कितीतरी घरांत हीच चूक होत असणार.

गोल्डफिश थंड पाण्याचा. खातो भरपूर, घाण करतो भरपूर आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला मोठी पेटी लागते आणि संगत त्याच्याच जातीची. टायगर बार्ब खोडकर. दोन-तीनच ठेवले की दुसऱ्यांच्या शेपट्या तोडतात. सात-आठ एकत्र असले की त्यांची मारामारी आपसातच चालते आणि इतरांना फारसा त्रास होत नाही. पण तेवढ्यांना दोन फुटांची पेटी पुरत नाही आणि लांब पंखांच्या माशांबरोबर तर ते कधीच ठेवायचे नाहीत. एंजल रुपयाएवढा येतो आणि तळहाताएवढा होतो. मग तोंडात मावेल तो मासा त्याचा घास. फायटर थायलंडकडचा, थांबलेल्या पाण्यातला, वर येऊन हवेत श्वास घेणारा. त्याच्यासारखा दुसरा नर समोर आला की लढणार, आणि रंगीत शेपटीचा गप्पी त्याला दुसरा फायटरच वाटू शकतो.

"आणि गप्पी?" नातवाने विचारलं. त्याचा जीव गप्पींवर होता.

"गप्पी गरीब. त्याने कुणाचं काही केलं नाही, सगळ्यांनी त्याचं केलं."

यात कुणी फार मोठा अर्थ शोधू नये. चाचा मासेच विकत होते.

पण पुढे ते म्हणाले ते मला नवीन होतं. भांडणाने दोन-तीन मेले असते, सगळे नाही. सगळे मेले ते पाण्याने. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच विष्ठा टाकतात. त्यातून आणि उरलेल्या दाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विष. मुरलेल्या पेटीत स्पंजावर, खड्यांवर सूक्ष्म जीव वाढलेले असतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं की नायट्रेट निघून जातं. नव्या पेटीत हे जीव नसतातच. ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्याकडे पेटी आणि तेरा मासे एकाच संध्याकाळी आले, वर दिवसातून चार वेळा दाणा. आणि जे थोडेफार जीव बसू लागले होते ते स्पंज नळाखाली धुताना गेले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच तर असतं. उरलेसुरले निळ्या औषधाने.

मी नातवाकडे पाहिलं. तो सगळं लक्ष देऊन ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी जास्त दिलं म्हणून?"

चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं होतं का, किती द्यायचं?"

"नाही."

"ज्याने विकले त्याने सांगायला हवं होतं. पेटी आणली त्यांनी विचारायला हवं होतं. तू तर मूल आहेस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं की नाही?"

मी म्हणालो, खरं आहे. घरी पोचल्यावर जावयांसमोरही हेच म्हणायचं ठरवलं. जावयाला हे सांगणं सोपं नसतं.

नातू एव्हाना निऑन टेट्राच्या पेटीपुढे उभा होता. निळी-लाल रेघ असलेले शंभरेक मासे एकदम वळत होते. त्याला तेच हवे होते, सोबत गप्पी. चाचांनी उलट विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठलं?" आमच्या इमारतीत प्यायला म्युनिसिपालटीचं पाणी आणि बाथरूमला बोअरचं. बोअरच्या पाण्याने बादल्यांवर पांढरे डाग पडतात. पेटी कशाने भरता? बोअरच्या, कारण ते चोवीस तास असतं. चाचा म्हणाले, ते जड पाणी. निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ, आंबटसर पाण्यातला. गप्पी, प्लॅटी, मोली यांना जडच पाणी मानवतं. "कोण दिसायला छान हे नंतर बघ. आधी आपल्या नळाला काय येतं ते बघ, मग कोणाला बोलवायचं ते ठरव."

आमचं ठरलं. वरच्या थरात पाच गप्पी, मधे चार प्लॅटी आणि तळाला चार कोरीडोरस. हे कोरीडोरस छोटे, मिश्यांचे, तळाचे दाणे टिपत गटाने फिरणारे. हेही दक्षिण अमेरिकेचेच, पण यांतली ब्राँझ जात बऱ्याच तऱ्हेच्या पाण्याला सरावते. त्यांच्या मिश्या घासल्या जाऊ नयेत म्हणून टोकदार रंगीत खडे काढून बारीक रेती टाकायची. गप्पी आणि प्लॅटी फक्त नर, कारण ही मंडळी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात आणि महिन्या-महिन्याला देतात. आमच्या पेटीत खरं पाणी जेमतेम पंचेचाळीस लिटर. तिथे तेरा छोटे मासे म्हणजे पुरेपूर झाले.

मी पाकीट काढलं. चाचा म्हणाले, "आज मासे देणार नाही."

धंद्याची वेळ, दुकानात गिऱ्हाईक, आणि हा माणूस माल द्यायला नाही म्हणतो. त्यांनी एका जुन्या पेटीतला फिल्टर उचलला, त्याचा तपकिरी, बुळबुळीत स्पंज कात्रीने अर्धा कापला आणि त्याच पाण्यासकट पिशवीत घालून नातवाच्या हातात दिला. "हा धुवायचा नाही. सुकू द्यायचा नाही. घरी जाऊन तुझ्या फिल्टरला लाव. रोज चिमूटभर दाणा टाक, मासा असल्यासारखा. तीन आठवड्यांनी पाणी तपास आणि ये." स्पंजाचे पैसे घेतले नाहीत. तपासायच्या बाटल्यांचे घेतले आणि एका वेलीचे.

परतीच्या लोकलमध्येही नातवाच्या छातीशी पिशवीच होती, या वेळी घाणेरड्या स्पंजाची. शेजारच्याने विचारलं, यात काय आहे? पोरगा म्हणाला, "जिवंत आहे, दिसत नाही." त्या माणसाने जरा सरकून घेतलं.

तीन आठवडे ती पेटी रिकामी होती. येणारे-जाणारे विचारत, मासे कुठायत? रिकाम्या पाण्यात दाणा टाकणाऱ्या मुलाकडे बघून शेजारीण हसली. जावयांना मी चाचांचं बोलणं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण रविवारी त्यांनीच रंगीत खडे काढून रेती धुतली. पाण्याची तपासणी नातू दर शुक्रवारी करायचा. बाटलीत थेंब टाकायचे, रंग पिवळा राहिला तर अमोनिया नाही, हिरवा झाला तर आहे. पहिल्या शुक्रवारी गर्द हिरवा. दुसऱ्या शुक्रवारी पोपटी. तिसऱ्याला पिवळा, पण नायट्राइटच्या बाटलीत अजून जांभळी झाक होती, म्हणून आणखी एक आठवडा थांबलो. एरवी पाच मिनिटं धीर न धरणारा मुलगा आपणहून म्हणाला, "नाना, अजून नाही."

मग आम्ही पुन्हा गेलो. पहिल्या खेपेला पाच गप्पीच आणले, बाकीचे पुढच्या दोन फेऱ्यांत. जीव वाढायला वेळ द्यावा लागतो, एकदम भार टाकायचा नाही. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पेटीत तरंगत ठेवायची, म्हणजे पाण्याची ऊब सारखी होते. मग थोडं थोडं पेटीचं पाणी पिशवीत घालायचं आणि जाळीने मासे सोडायचे, पिशवीतलं पाणी नाही. दाणा दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच. पाणी शनिवारी बदलायचं, आणि स्पंज पिळायचा तो त्या काढलेल्या पाण्यात. ही सगळी कामं नातवाने कागदावर लिहून पेटीशेजारी चिकटवली.

दरम्यान मी चिपळूणला परतलो. शुक्रवारी जुम्यानंतर त्याचा फोन येतो. आधी सलाम, मग लगेच आकडा. "तेरा, नाना." कोरीडोरस चौघे एका रांगेत झोपतात. सर्वांत मोठा प्लॅटी फिल्टरच्या धारेत मुद्दाम जाऊन उभा राहतो. दुकानात निऑन अजूनही आवडतात, पण "आपल्या पाण्याला चालत नाहीत."

गेल्या शुक्रवारी आकडा आला नाही. आधी सलाम झाला, मग तो थोडा थांबला.

"बारा आहेत. पिवळ्या शेपटीचा गप्पी गेला. मी कुंडीत पुरला त्याला."

मी विचारलं, तू कसा आहेस?

"मी लगेच पाणी तपासलं, नाना. दोन्ही शून्य आले. बाकीचे सगळे नीट खातायत." मग जरा वेळाने, "मम्मी म्हणते, तो दुकानात होता तेव्हाच मोठा होता. म्हातारा असेल."

मी म्हणालो, असेल. मग तो पेटीजवळ गेला आणि बाकीचे दिसावेत म्हणून त्याने फोन काचेला लावला.